आधी हात लावून बघायचं

बाबांनी उकळत्या चहाचं पातेलं नुसत्या हातांनी गॅसवरून उतरवलं आणि ती बघतच राहिली. तसं त्यात नवीन काहीच नव्हतं. तिला कळायला लागल्यापासून ते पातेलं असंच उतरवत आले होते. दोन्ही बाजूंनी काठ चिमटीत धरायचा, सावकाश ओट्यावर ठेवायचं आणि मग गाळणीकडे वळायचं. कुणाचे वडील डावखुरे असतात, कुणाचे झोपेत बोलतात, तसे तिचे वडील सांडशी वापरत नाहीत, एवढंच. पण आज ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डावा हात उशीवर ठेवून बसली होती, पट्टी सोडलेली होती आणि तर्जनीच्या शेंड्यावर उमटलेला पांढरा डाग ती निरखत होती. डाग मेणचट होता, कडेनं जरा निळसर. शेजारच्या बोटाचं टोक दाबलं की पांढरं पडायचं आणि सोडलं की लगेच गुलाबी व्हायचं. हे दाबल्यावरही पांढरं, सोडल्यावरही पांढरं. दुखत नव्हतं. दुखण्याचा प्रश्नच नव्हता, ऑपरेशन झाल्यापासून त्या बोटाला काहीच कळत नव्हतं. काल हा डाग नसावा, किंवा असलाच तर आपण नीट पाहिलं नसावं, असा विचार करत तिनं मान वर केली, तर समोर ते पातेलं, त्याच्या काठाला लागलेली बाबांची बोटं आणि बोटांच्या मधून वर येणारी वाफ.

“काय गं, अशी काय बघतेस?”

“काही नाही.”

“साखर कमीच घातलीय. आधीच सांगतो, नंतर कटकट नको.”

तिनं रुमाल हातावर ओढून घेतला. बाबांनी चहा गाळला, तिच्या कपाचा कान तिच्या उजव्या हाताला येईल असा फिरवून ठेवला आणि फ्रिजचं वरचं दार उघडलं. निळी जेलची पिशवी त्यांनी बाहेर काढली आणि रोजच्यासारखी चारही बोटं तिच्यावर ठेवून थांबले. मान किंचित तिरकी, डोळे बारीक, आमटीत मीठ बेताचं आहे का हे ठरवणाऱ्या माणसाचा चेहरा.

“चालेल,” ते म्हणाले.

रोज ते असंच म्हणत. हे त्यांना कशावरून कळलं, असं मात्र तिच्या मनात आज पहिल्यांदा आलं.

“आत्ता नको, बाबा. जरा गार वाटतंय.”

“गार वाटायलाच लावतात बर्फ, ठमे,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग पिशवी परत आत ठेवली. “बरं, चहा संपव. मग बघू.”

हात लावून बघायचं हे हातवाल्या बाईंनी सांगितलं होतं. हातवाल्या बाई इस्पितळाच्या तळमजल्यावर खिडकीपाशी बसत. दिवसभर लोकांची बोटं वाकवत, सरळ करत, आणि कुणी खांद्याबद्दल काही विचारलं की म्हणत, “ते दुकान शेजारी. माझं कोपरापर्यंतच.” पहिल्या भेटीत त्यांनी तिचा हात झोपलेलं मांजर उचलावं तसा उचलून आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला होता. बोट वाकवणारी दोरी आत तुटली होती, ती शिवली आहे, त्या म्हणाल्या. सूज राहिली तर शिवलेली दोरी आजूबाजूला चिकटून बसते आणि मग बोट काठीसारखं ताठ. म्हणून सूज उतरवायला थंडी. जेलची पिशवी ओल्या टॉवेलाच्या दोन घड्यांत गुंडाळायची, थोडा वेळ लावायची, काढायची, बोट डोळ्यांनी बघायचं, मग परत लावायची. “आणि हे नीट ऐक. तुझ्या या बोटाच्या दोन्ही नसा तुटल्या होत्या. त्याही शिवल्यात, पण शिवली म्हणून नस बोलायला लागत नाही. ती जखमेपासून टोकाकडे नव्यानं वाढत जाते, दिवसाला काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढीसुद्धा नाही. तोपर्यंत हे बोट बहिरं. याला थंडी जास्त झाली तर ते तुला सांगायला येणार नाही. तेव्हा दरवेळी आधी चांगल्या हातानं पिशवीला हात लावून बघायचं. तुझ्या उजव्या, नाहीतर घरातल्या कुणाच्या. हात ठेववत नसेल तर ती पिशवी लावायची नाही. कोण असतं घरी?”

“मी आहे ना,” बाबा म्हणाले आणि हजेरीत नाव पुकारल्यासारखे खुर्चीतून अर्धे उठले.

तेव्हा तिला हसू आलं होतं. आता चहाचा कप समोर ठेवून ती तो क्षण पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. बाई विचारतात, बाबा उठतात, बाई मान डोलावतात. त्या खोलीत तिघं होते आणि तिघांपैकी दोघांना माहीत होतं. पण माहीत होतं म्हणजे नक्की काय होतं? ती काम करायची त्या प्रयोगशाळेत एखादी बाटली वर्षानुवर्षं एकाच फळीवर असते, तिच्यावरचं नाव रोज डोळ्यांखालून जातं, आणि हवी असते त्या दिवशी माणूस अख्खी खोली धुंडाळतो. बाबांच्या बोटांचं तसं झालं होतं. ते इतकं माहीत होतं की कधी आठवावं लागलं नव्हतं.

बाबांची सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. लहानपणी ती एकदा डबा द्यायला गेली होती, तेव्हाचं जाड दार तिला आठवतं. दाराच्या कडेला काळं रबर होतं आणि ते उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत बाहेर यायची. पहिल्या खोलीत फळं, मधल्या खोलीत लोणी, सगळ्यात आत मासळी. आतल्या खोलीत बोलताना लोक तोंड फार उघडत नसत, दात दुखतात म्हणून. हातमोजे मिळायचे, पण ते एवढे जाडे की खोक्यांच्या दोऱ्यांच्या गाठी त्यातून सुटायच्या नाहीत. मग बाबा एक मोजा दातात धरायचे आणि उघड्या बोटांनी गाठ सोडायचे. दोर बर्फानं कडक झालेला. आधी बोटं दुखायची, मग भाजल्यासारखी व्हायची, मग जायची. लाइट जाते तशी जायची, असं ते सांगत, आणि संध्याकाळी परत यायची. मग काही वर्षांनी एक एक परत यायची थांबली. त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. खोक्याखाली बोट चेंगरलं तर तिथले लोक कोपऱ्यातल्या बर्फाच्या बादलीत हात घालून उभे राहत आणि दुखणं थांबलं की पुन्हा कामाला लागत. “थंडीसारखा डॉक्टर नाही,” बाबा म्हणत, “फी घेत नाही नि नसते प्रश्न विचारत नाही.”

घरी या बोटांची गंमतच होती. बाबा उकळत्या पाण्यातले बटाटे हातानं काढून दाखवत आणि शेजारची पोरं टाळ्या वाजवत. आई म्हणायची, “यांच्या हातात निखारा द्या नाहीतर बर्फ द्या, दोन्हीला ‘चालेल’च म्हणतील.” आणि ताप आला की बाबा तिच्या कपाळाला हात लावत नसत. पलंगाच्या कडेला बसत, म्हणत, “गाल आण बघू,” आणि आपला गाल तिच्या गालाला लावत. संध्याकाळची दाढी टोचायची. त्यांच्या अंगाला कोल्ड स्टोरेजचा वास असायचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि मासळीचा. गाल लावून ते श्वास धरून थांबत आणि मग आईला आतल्या खोलीत ओरडून सांगत, “आहे गं.” ताप त्यांना गालानंच कळायचा. मोठं होताना तिला वाटायचं, सगळ्यांचे वडील असाच ताप बघतात. कॉलेजात त्वचेतल्या संवेदनांचा धडा शिकवला, तेव्हा तिनं वर्गात बसल्या बसल्या तो सगळा आपल्या बाबांना लावून पाहिला होता, खूश झाली होती. इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नव्हतं.

आई गेल्यावर गालाला गाल लागणं संपलं. तसं ते आधीच संपलं होतं, ती मोठी झाली तेव्हाच. पण आई होती तोवर घरात कुणी ना कुणी कुणाला तरी हात लावत असे, वाटेतून ढकलायला, केसातला कचरा काढायला, उठवायला. नंतर ती आणि बाबा एकमेकांना वाट देत घरातून फिरायला लागले, अरुंद जिन्यावरच्या भाडेकरूंसारखे. बाबा निवृत्त झाले होते, पेपर वाचत, फ्रिज साफ करत. फ्रिजवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. आणि मग तिचं बोट कापलं आणि बाबांना काम मिळालं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते तिचा पंजा आपल्या डाव्या तळव्यावर घेत, पिशवी बोटाभोवती बसवत, वरून उजव्या हातानं दाबून धरत आणि दोघं टेबलाशी तसेच बसून राहत. फार बोलणं व्हायचं नाही. कधी बाबा कोल्ड स्टोरेजमधल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगत, झोपेत ट्रॉली ढकलणाऱ्याची, किंवा लोण्याच्या खोलीत लपून गाणी म्हणणाऱ्याची. तिचा उजवा हात मोकळा असायचा. त्यात कधी कप असायचा, कधी नुसताच टेबलावर. पिशवीला तो एकदाही लागला नाही. लावायचं तिच्या मनात यायचंच नाही असं नव्हतं. एकदा आलं होतं, प्रयोगशाळेतून एक लहान थर्मामीटर मागवून घ्यावा, टॉवेलाच्या घडीत खुपसून ठेवावा. काम सोपं होतं, तिच्यासारखीनं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण थर्मामीटर टेबलावर आला की बाबांच्या चार बोटांचं काय करायचं? ते काही बोलले नसते. “हो, हे बरंय,” म्हणाले असते आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले असते.

गेल्या आठवड्यात सूज उतरेना म्हणून बाबा अस्वस्थ झाले होते. फ्रिजमधली थंडीची चकती त्यांनी शेवटच्या आकड्यावर नेली. मग टॉवेल हातात घेऊन म्हणाले, “एवढ्या जाड घड्यांतून काय पोचणार बोटाला? आम्ही मासळी अशी गुंडाळली असती तर वास मारला असता.” त्यांनी एक घडी काढली. पिशवीला बोटं लावली, मान तिरकी केली. “चालेल.” ती हसली होती. तिनं हात पुढे केला होता.

आता तिनं चहा न संपवता उठून सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला. दुपारची वेळ मिळाली. बाबा म्हणाले, “एकदम डॉक्टर कशाला?” ती म्हणाली, “टाके बघायला बोलावलंय.” ते बरोबर निघाले. ती नको म्हणाली तरी निघाले, छत्री घेऊन, आभाळ कोरडं असताना.

रस्त्यानं चालताना ती हात छातीशी धरून, उभा, बोटं वर करून चालत होती. सूज उतरावी म्हणून हात वर ठेवायचा असतो. समोरून येणारे लोक तिला काही विचारायचंय असं समजून थबकत. प्रयोगशाळेत असताना तिला लोकांच्या हातांकडे बघायची सवय नव्हती, तिथे माणसं तुकड्यातुकड्यानं यायची. ऑपरेशन चालू असताना वरच्या मजल्यावरून गाठीचा एक लहान तुकडा खाली येई, माणूस वर टेबलावर उघडा पडलेला, सर्जन हात वर धरून थांबलेले, आणि खाली तिला तो तुकडा गोठवून, कागदाहून कितीतरी पातळ काप काढून, रंगवून मोठ्या सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा असे. सर फोन उचलून सांगत, काढा किंवा राहू द्या. काप काढायचं यंत्र म्हणजे एक थंड पेटी, तिच्यात पातं. पेटीचं नाव प्रयोगशाळेतल्या मुलींनी सासूबाई ठेवलं होतं, कारण तिची थंडी जरा कमी-जास्त झाली की ती काही नीट होऊ देत नसे. “सासूबाई आज तापल्यात,” असं कुणी म्हणालं की काप गुंडाळी होऊन पात्यावर चिकटणार हे ठरलेलं. पात्यावरून काप सुटून येताना त्याची कड वळायच्या आत डाव्या हातातल्या बारीक ब्रशनं ती दाबून धरायची असते. किती दाबायची, हे कुणाला शिकवता येत नाही. ते ब्रशच्या दांड्यातून तर्जनीच्या शेंड्याला कळतं. जास्त दाबलं की फाटतो, कमी दाबलं की गुंडाळतो. तिचे काप सपाट येत. मोठे सर कुणाची स्तुती करत नसत, पण घाईचं काम आलं की दारातून डोकं आत घालून फक्त विचारत, “ती आहे ना आज?” सुरक्षेसाठी तारेच्या जाळीचा हातमोजा होता, खुंटीला लटकलेला. त्यातून ब्रश कळत नाही म्हणून ती तो घालत नसे. त्या दिवशी पात्यावरचं कवच न लावता तिनं आतला चुरा झाडायला हात घातला. पातं लागलं ते तिला समजलंच नाही, फक्त पेटीतला पांढरा चुरा एकदम गुलाबी झाला. तिची जोडीदारीण, जिला सगळे टाचणी म्हणत, धावत आली आणि म्हणाली, “अगं बाई, सासूबाई चावल्या.” त्यावर दोघीही हसल्या होत्या. बोट वाकवून बघेपर्यंत हसू टिकलं होतं.

सर्जन कमी बोलणारे होते. त्यांनी दिवा ओढला, डाग पाहिला, दाबला, मग सुईचं टोक हळूच आत घालून बाहेर काढलं. रक्त आलं नाही. त्यांनी थोडं खाली, मधल्या पेराशी टोचलं. तिथे लाल ठिपका उमटला.

“हे थंडीनं भाजलंय,” ते म्हणाले. “बर्फ लावत होता?”

“जेलची पिशवी.”

“गुंडाळून?”

“हो. म्हणजे एका घडीत.”

“आधी कुणी बघत होतं का, किती थंड आहे ते?”

बाबा बाहेर बाकावर होते. दाराच्या धूसर काचेतून त्यांची छत्री दिसत होती, दोन्ही हात तिच्या मुठीवर ठेवलेले.

“मीच बघत होते,” ती म्हणाली. “घाईत राहिलं असेल.”

सर्जननी तिच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. “मग हा काय करत होता?”

तिनं उजवा हात टेबलाखाली घेतला.

“तुम्ही तर याच कामातल्या. गोठलं की पेशींचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायचं का?”

सांगायची गरज नव्हती. झटकन गोठवलं तर तुकडा टिकतो, हळूहळू गोठला तर पेशींमधलं पाणी मोठ्या स्फटिकांत जमतं आणि कापावर भोकं दिसतात, जाळी पडल्यासारखी. असे काप मोठे सर परत पाठवत. आपल्या बोटाचा शेंडा तिला दिव्याखाली आडवा कापलेला दिसला, गुलाबी, निळा, आणि मध्ये ती भोकं. असा काप आला असता तर तिनंच म्हटलं असतं, हा कुणी इतका सावकाश गोठवला?

“आता वाट बघायची,” सर्जन म्हणाले. “हे काळं पडेल. मग मेलेलं आणि जिवंत यांच्यामध्ये आपोआप एक रेघ तयार होते. रेघ पक्की झाली की तिच्यावरून काढायचं. नखाचं पेर तर जाईलच.”

“आणि नस?”

“नस ज्या टोकाकडे निघाली होती ते टोकच राहणार नाही.” मग बहुधा आपण फार कोरडं बोललो असं वाटून ते म्हणाले, “बोट राहील. थोडं आखूड. पण थंडी आता कायमची टाळा. उरलेल्या बोटाला थंड हवासुद्धा सहन व्हायची नाही. ती पेटी विसरा, दुसरं काही काम असेल तर मागून घ्या. आणि बर्फ आजपासून बंद.”

बाहेर आल्यावर बाबा उठले. “काय म्हणाले?”

“बर्फ बंद करायला सांगितलंय.”

“म्हणजे उतरली सूज,” बाबा म्हणाले. “बघ. मी म्हटलं नव्हतं, एका घडीनंच काम होणार?” परतताना ते तिच्या बाहेरच्या बाजूनं चालले, गर्दीत कुणाचा धक्का हाताला लागू नये म्हणून छत्री आडवी धरून. मध्येच म्हणाले, “आता तुझी ती सासू खूश होईल.” ती हो म्हणाली.

तिनं वाट पाहिली. डागाचा फोड झाला, फोड बसला आणि शेंडा तपकिरी होऊन मग काळा पडत गेला, वाळत गेला, हलका झाला. पट्टी ती स्वतःच बदलायची, न्हाणीघरात, कडी लावून. दार वाजलं की म्हणायची, “आले.” हातवाल्या बाईंकडे ती एकदाच गेली. त्यांनी जुन्या सवयीनं तिला डोळे मिटायला लावले, नायलॉनचा बारीक तंतू घेतला आणि विचारू लागल्या, “लागलं?” “हो.” “आता?” “नाही.” “आता?” बाईंच्या खुर्चीचं चाक प्रत्येक वेळी पुढे झुकताना बारीक कुरकुरत होतं. कुरकुर झाली की ती हो म्हणत होती. हे आपण करतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही तिला थांबता येईना. खोटे आकडे भरणाऱ्या मुलांचा तिला कॉलेजात राग यायचा. “लागलं?” “हो.” बाई थांबल्या. “आत्ता मी हात लावलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी तंतू डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि तिचा हात बराच वेळ टॉवेलवर नुसता धरून ठेवला. “घरी कोण बघत होतं गं?” त्यांनी विचारलं. त्यांना बाबांचं ते हजेरी दिल्यासारखं उठणं आठवत असणार. “मीच,” ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

घरात बाबांना काही करायला उरलं नव्हतं. ते पिशवीवर फ्रिजमध्ये जमलेला बर्फाचा भुगा चमच्यानं खरवडत, पिशवी पुसत, परत ठेवत. “असू दे,” म्हणत, “लागली तर हाताशी हवी.” तिला वाटायचं, सांगून टाकावं. वाक्य तिनं कितीदा जुळवलं होतं. त्यात बाबांची बोटं कुठे तरी यायचीच. बोटं न आणता ते वाक्य उभं राहत नव्हतं, आणि बोटं आणली की पुढे दुसरं कुठलंच वाक्य नव्हतं. न सांगता आपण त्यांना वाचवतोय असं ती स्वतःला समजावत असे. पण टेबलाशी बसून ते एखादी जुनी गोष्ट सांगायला लागले की तिच्या अंगात एक थंड, बारीक राग चढत जायचा, गोष्टीवर, हसण्यावर, त्या तिरक्या मानेवर. आणि रागाच्या मागोमाग आपला उजवा हात डोळ्यांसमोर यायचा, टेबलावर पडलेला, धडधाकट, काही न करणारा.

टाचणी आली ती अशाच एका संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, फळं घेऊन. ती नावाप्रमाणे बारीक आणि बोलायला टोकदार होती. आल्या आल्या म्हणाली, “सासूबाईंनी नमस्कार सांगितलाय. नवीन मुलगी घेतलीय तुझ्या जागी. हुशार आहे, पण काप असे काढते, जसे लाकडाचे ढलपे. सर काल दारातून विचारत होते, ती आहे ना आज? मग स्वतःच गेले परत.” ती हसली. टाचणीही हसली आणि मग तिचं लक्ष पट्टीकडे गेलं. “दाखव तरी. बर्फानं जाळून घेतलंस म्हणे? वरच्या मजल्यावर सगळे बोलतायत. आपल्यातल्या माणसाला थंडीनं भाजावं म्हणजे पोहणाऱ्यानं बादलीत बुडण्यासारखं झालं. काढणार तो शेंडा आमच्याकडेच येईल बघ बरणीत. त्याचे काप मी काढीन, त्या नव्या पोरीला हातही लावू देणार नाही.”

बाबा पाण्याचे पेले घेऊन दारात उभे होते.

“काढणार?” ते म्हणाले.

तिनं टाचणीकडे पाहिलं, पण टाचणीला ते उशिरा कळलं. “म्हणजे थोडंच, काका,” ती गडबडून म्हणाली. “शेंडा फक्त. जास्त थंड लागलं ना, म्हणून.”

“माझीच घाई झाली, बाबा,” ती म्हणाली. “मी एकदा परस्पर लावली होती पिशवी, तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा.”

बाबांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. एक पेला कडेला होता, तो आत सरकवला. “मी बघायचो ना हात लावून,” ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते समजलं नाही.

“मग तुमचं बरोबरच असणार, काका,” टाचणी म्हणाली. “हिचीच धांदल.”

बाबा थोडं हसले. “चहा टाकतो,” म्हणाले आणि आत गेले.

टाचणी खाली वाकून कुजबुजली, “त्यांना सांगितलं नव्हतंस? मूर्ख आहेस का?” आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली, मोठ्यानं, नव्या मुलीबद्दल, ती पात्याला कशी घाबरते त्याबद्दल. ती ऐकत होती आणि कान आतल्या खोलीकडे होते. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, पाण्याचा, गॅसचा. मग फ्रिजचं वरचं दार उघडलं. ते मिटल्याचा आवाज आला नाही. “आलेच,” म्हणून ती उठली आणि पॅसेजमधून दोन पावलं गेली. तिथून स्वयंपाकघराचा अर्धा भाग दिसतो.

बाबा उघड्या फ्रिजपुढे उभे होते. दाराखालून पांढरी वाफ त्यांच्या खांद्यावर उतरत होती. निळी पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी चार बोटं तिच्यावर ठेवली, मान तिरकी केली, थांबले. मग पिशवी उचलून गालाला लावली आणि झटक्यानं दूर केली. पुन्हा बोटं. पुन्हा गाल. घाई न करता, एकदा हे, एकदा ते, जसा कुणी प्रयोग करतो, पहिल्या वेळेला काही चुकलं असेल म्हणून दुसऱ्यांदा आणि दुसऱ्यावर विश्वास नाही म्हणून तिसऱ्यांदा. शेवटी त्यांनी पिशवी गालाला लावली आणि काढलीच नाही. डोळे मिटून, श्वास धरून ते उभे राहिले. ताप बघताना उभे राहत तसे. गालाची कातडी पिशवीच्या कडेनं आधी लाल झाली, मग लाल राहिली नाही.

पुढे जाऊन पिशवी काढून घ्यायला तिला दोनच पावलं लागली असती. ती मागे फिरली. बाहेरच्या खोलीत येऊन बसली, पट्टीचा हात छातीशी उभा धरला आणि टाचणीला म्हणाली, “मग? पुढे काय झालं?” टाचणी सांगू लागली. आत फ्रिजचं दार मिटलं. चहा उकळून वर यायला लागल्याचा आवाज येत होता.

“ठमे,” आतून बाबांनी हाक मारली, “आपली सांडशी कुठं असते गं?”

त्यांना ते माहीत नसणारच. “ओट्याखालच्या खणात,” ती म्हणाली. “डावीकडे, मागे.”

खण उघडला. डाव, झारे, चमचे एकमेकांवर आपटले. खणात मागे उजेड पोचत नाही, तिथलं काही काढायचं तर हातानं चाचपावं लागतं. टाचणीनं मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं. चहा उतू गेला, गॅसवर चुरचुरला आणि जळका वास बाहेरपर्यंत आला, तरी खणातला आवाज चालूच होता.